मूळ घरचा टीव्ही: चवथीपर्यंतच्या नोंदी

रविवार, २० जुलै २०२५

दादाने ५५ इंची फोर-के टीव्ही घेऊन पंधरा दिवस झाले, तो अजून खोक्यातच. मयेच्या आमच्या मूळ घरात नवी वस्तू आली की आधी महिनाभर भिंतीला टेकून उभी राहते, मग कुणाला तरी तिची दया येते. यंदा दयेला मुदत आहे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ऑगस्टला. त्या दिवशी घरात तीस-पस्तीस माणसं असणार आणि भाईकाकांचं फर्मान आहे की जत्रेतल्या नाटकाची जुनी टेप या टीव्हीवर दिसलीच पाहिजे. टेप १९९६ची. काका तीत द्रौपदी आहेत.

मी पणजीहून येणार शनिवार-रविवारी, सुट्टीला. म्हणून ही वही. मागच्या खेपेला काय केलं ते मला पुढच्या खेपेला आठवत नाही.

आज फक्त मोजदाद. काकीने माळ्यावरून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढून दिला. "सगळ्या वायरी हातूंतच आसात." होत्या खऱ्या. पिवळी-पांढरी-लाल अशा तीन शेपट्यांच्या एव्ही चार. हिरवी-निळी-लाल एक. निळ्या डोक्याची, पंधरा पिनांची व्हीजीए एक. चार बारीक पिनांची काळी एस-व्हिडिओ, जी या घरात कशी आली ते कुणालाच सांगता येईना. चित्र-आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय तीन, त्यातल्या एकीवर अक्षरही छापलेलं नाही. बाकी सगळे मेलेल्या मोबाइलचे चार्जर.

वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारली. डावीकडे ज्यातून चित्र निघतं ती यंत्रं, उजवीकडे टीव्हीच्या पाठीवर असलेली भोकं. डिशचा सेट-टॉप बॉक्स: एचडीएमआय, शिवाय एव्ही. डीव्हीडी प्लेयर: एव्ही आणि हिरवा-निळा-लाल कॉम्पोनंट, एचडीएमआय नाही. व्हीसीआर: एक पिवळं भोक, एक पांढरं, बस. म्हणजे आवाज मोनो. दादाचा संगणक: एचडीएमआय. पुतण्याचा लॅपटॉप: नुसता टाइप-सी. टीव्हीच्या बाजूला तीन एचडीएमआय, डिश-अँटेनाचं गोल तोंड, साउंडबारसाठी (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) चौकोनी झडपेचं ऑप्टिकल, यूएसबी दोन आणि एक इवलंसं ३.५ मिलिमीटरचं भोक, हेडफोनचं वाटावं असं. त्याच्याखाली लिहिलंय ‘एव्ही इन’. पिवळं-पांढरं-लाल कुठेच नाही.

दादा म्हणाला, "उद्या पणजीहून चांगल्या भारीतल्या दोन-चार केबली घेऊन टाक." नाही घेतल्या. दोन्ही टोकांना काय आहे आणि मध्ये किती मीटर, हे कागदावर आल्याशिवाय दुकानात गेलं की दुकानदार सांगेल ते घेऊन यावं लागतं.

शनिवार, २६ जुलै

पाऊस थांबेना. घरातच बसून मापं घेतली.

जुना टीव्ही देवघराशेजारच्या कोपऱ्यात होता, म्हणजे नेमका जिथे गणपती बसतो आणि वर माटोळी (फळा-पानांनी सजवलेली चौकट) बांधतात तिथे. दरवर्षी चवथीला टीव्ही, व्हीसीआर, बॉक्स सगळं उचलून आतल्या खोलीत, आणि विसर्जनानंतर परत. वायरी त्यामुळेच मेल्या. दरवर्षी दोनदा उपटायच्या, दोनदा कोंबायच्या. आता टीव्ही समोरच्या भिंतीवर. सगळी यंत्रं त्याच्याखालच्या लाकडी पेटाऱ्यावर. तिथून टीव्हीच्या भोकांपर्यंत सव्वा मीटर भरलं. दीड मीटरची केबल पुरेल. उगाच पाच मीटरची घेऊन मागे वेटोळं करून ठेवण्यात अर्थ नाही.

लांबचं काम एकच. दादाचा संगणक पलीकडच्या खोलीत आहे आणि तो तिथून हलणार नाही, कारण इंटरनेटचा डबा तिथे आणि दादाही तिथे. मध्ये चिऱ्याची भिंत, हातभराहून जाड. भोक पाडायची कुणाची तयारी नाही; भाईकाका म्हणाले, आजोबांनी पाडलं नाही ते तू पाडू नको. पण दारावर झरोका आहे. टेबलापासून वर, झरोक्यातून पलीकडे, वाशाच्या कडेने आणि खाली टीव्हीमागे, अशी सुतळी लावली. साडेआठ मीटर. वळणांसाठी सैल धरून दहा मीटर. वर उंदरांचा वावर आहे (सुतळीचं टोक तासाभरासाठी तसंच ठेवलं तर कुरतडलेलं मिळालं), तेव्हा केबल उघडी नको, पाइपातून. एचडीएमआयचं डोकं दोन सेंटिमीटर रुंद असतं, पाऊण इंची विजेच्या पाइपात ते अडकतं. ४० मिलिमीटरचा पाइप आणायचा. जाडा पाइप असला की पाच-दहा वर्षांनी केबल बदलता येईल. खरी कायमची वस्तू तो पाइपच.

शनिवार, २ ऑगस्ट, पणजी

अठरा जून रस्त्यावरचं एक दुकान. दुकानदाराने काउंटरवर दीड-दीड मीटरच्या तीन एचडीएमआय मांडल्या. अडीचशेची, नऊशेची आणि अठ्ठावीसशेची. तिसरीला कापडी विणीचं आवरण, जाड सोनेरी डोकं, खोकं असं की आत अंगठी असावी. "हिच्यावर रंग खुलतात, साहेब."

पिवळ्या पिनेच्या काळात हे वाक्य थोडंफार चाललं असतं. त्या वायरीतून चित्र लाटेसारखं जायचं, वाटेत जे काही मिसळेल ते पडद्यावर दिसायचं: पुसट कडा, सावली, वरून खाली सरकणारा पट्टा. एचडीएमआयमधून जातात ते आकडे. आकडा पोचला तर पोचला, नाही तर नाही. लाल रंग अठ्ठावीसशेच्या वायरीतून जास्त लाल होऊन निघत नाही. केबल कमी पडली तर फिकं दिसत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र दोन सेकंद काळं होऊन परत येतं, किंवा येतच नाही. ‘थोडं खराब’ असं काही नसतं, म्हणून ‘थोडं अजून चांगलं’ही नसतं.

सोन्याचा मुलामा मात्र अगदीच थाप नाही. सोनं गंजत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तर ओला होतो आणि किनाऱ्याकडे हवेत मीठही असतं. उघड्या पितळी डोक्यावर दोन पावसाळ्यांत हिरवं चढतं. तेवढ्यापुरता मुलामा उपयोगी, आणि तो अडीचशेच्या केबललाही होता.

दुसरा घोळ आकड्यांचा. मधल्या केबलवर मोठ्या अक्षरांत ‘२.०’ छापलेलं. हे आकडे यंत्रांच्या नियमावलीचे: १.४ आली २००९ साली, २.० २०१३ मध्ये, २.१ २०१७ मध्ये. केबलची प्रत ठरते ती वेगावर, आणि तिची नावं वेगळी. ‘हाय स्पीड’ सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंत (एक गिगाबिट म्हणजे शून्य-एकचे अब्ज आकडे), ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८पर्यंत, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८पर्यंत. शेवटच्या दोन प्रकारांना खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं, फोनवर ॲप घालून ते तपासता येतं. दुकानातच तपासलं. नऊशेचीवर लेबल होतं आणि ते खरं निघालं. अठ्ठावीसशेचीवर नव्हतंच.

मग आपल्याला लागतं किती? डिशचे एचडी चॅनेल १०८० रेषांचे, आंतररेखित, म्हणजे एका वेळी एकाआड एक रेषा. त्यांना सव्वादोन गिगाबिट पुरतात. पूर्ण एचडी, सेकंदाला ६० चित्रं: साडेचारच्या आसपास. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार ठिपके. सेकंदाला ३० वेळा पाठवायचे तर नऊच्या जवळ, ६० वेळा तर अठराला टेकतं. सेट-टॉप बॉक्सला डब्यातली बिननावाची केबलसुद्धा चालेल. दादाच्या संगणकाला फोर-के ६०वर लावायचं तर १८वाली हवी. आमचा टीव्ही ६०च्या वर जातच नाही, म्हणून ४८वालीवर आज पैसे घालायचे नाहीत. पुतण्याचं मत वेगळं आहे, पण पैसे दादाचे.

घेतलं: नऊशेची एक, साउंडबारसाठी. आणि दहा मीटरची साधी तांब्याची एक, चौदाशेला, "फोर-के चालतं की नाही?" असं दोनदा विचारून. दोनदा "चालतं" ऐकून.

रविवार, ३ ऑगस्ट

नाही चालत.

दहा मीटरची केबल पाइपात ओढण्याआधी जमिनीवर पसरून लावली. इथे माझं डोकं चाललं, नोंद असावी. संगणकावर फोर-के ६० निवडलं. चित्र आलं, मिनिटभर सुंदर. मग काळ्या भागात पांढरे ठिपके, जशी काजव्यांची रांग. मग काळा पडदा. मग परत चित्र. पुतण्याने ३०वर आणलं तर अर्धा तास एकही ठिपका नाही. म्हणजे केबल तुटलेली नाही, लांबीला थकली. तांब्यातून जितका वेग वाढवाल तितकं अंतर कमी होत जातं. १८ गिगाबिटला तीन मीटर निर्धास्त, पाचेक मीटर चांगल्या केबलवर, दहाला दुकानदाराचा शब्द.

दुकानदाराचा शब्दही पूर्ण खोटा नाही म्हणा. फोर-के चाललं की, ३०ला. ‘किती वेळा’ हे मी विचारलं नव्हतं. पण माउस हलवला की ३०ला बाण अडखळत जातो, दादा पाहुण्यांसमोर ते सहन करणार नाही.

एक गोष्ट मात्र केबलच्या आधी तपासायची राहिली होती आणि ती नंतर सापडली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक एचडीएमआय भोकाला वेगळा पर्याय असतो, कुठे ‘एन्हान्स्ड’ म्हणतात, कुठे आणखी काही. खोक्यातून निघतो तेव्हा तो बहुधा बंद असतो आणि मग कितीही भारी केबल घाला, फोर-के ६० पूर्ण रंगांत येत नाही. आमच्या टीव्हीवर भोक १ ला मी तो चालू केला होता, भोक ३ ला नाही. तासभर दोन्हींत केबल बदलत बसलो आणि दोष केबललाच देत होतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. आते आली, जेवणं झाली, मग काम.

आठवड्यात ऑनलाइन मागवलेली ऑप्टिकल एचडीएमआय पोचली. हिच्यात तांब्याऐवजी काचेचे तंतू, दोन्ही डोक्यांत छोटी चिप: एकीकडे विजेचा उजेड करते, दुसरीकडे उजेडाची वीज. चिपला लागणारी वीज एचडीएमआयच्याच ५ व्होल्टच्या पिनेवरून मिळते, वेगळा अडॅप्टर नाही. पंधरा मीटर घेतली असती तरी चाललं असतं. उजेडाला दहा-पंधरा मीटरचं काही वाटत नाही. वायर हातात घेतली तर शेवयांसारखी बारीक आणि हलकी. तिला सुतळीसारखी गाठ मारून चालत नाही, काटकोनात मोडायची नाही. पाइपाच्या वळणांना म्हणून एल्बो न लावता वाकवलेला तुकडा लावला.

पुतण्या शिडीवर, मी खाली, दादा मार्गदर्शन करायला. पाइपात स्प्रिंग घातली, केबलचं डोकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओढलं. अर्धा तास. केबल पलीकडे निघाली, क्लिपा ठोकल्या, झरोक्याला फळी परत बसवली, संगणक लावला. पडदा काळा.

मी केबल उपटून परत खोचली. काळा. दादाने संगणक बंद करून चालू केला. काळा. काकी दारात उभी राहून विचारते, "चित्र खंय रे?"

मग डोक्यावरची बारीक अक्षरं पाहिली. टीव्हीच्या टोकाला छापलं होतं ‘सोर्स’. ऑप्टिकल केबलला तोंड-शेपूट असतं. ‘सोर्स’ संगणकाकडे, ‘डिस्प्ले’ टीव्हीकडे. तांब्याची साधी एचडीएमआय कशीही लावा, तिला फरक पडत नाही, त्यामुळे सवयच नाही बघायची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. खोकं आतेच्या नातीने तोवर बाहुलीचं घर केलं होतं.

सगळं काढलं, उलटं घातलं. या वेळी आधी जमिनीवर लावून पाहिलं, गेल्या रविवारी केलं तसं. संध्याकाळी साडेसातला फोर-के ६०, एकही ठिपका नाही. चौदाशेची केबल दुकानात परत न्यायची.

रविवार, १० ऑगस्ट

साउंडबार. ही केबल चित्र आणत नाही, आवाज परत नेते: टीव्हीतून खालच्या साउंडबारकडे. त्याला एआरसी म्हणतात. तीन एचडीएमआयपैकी एकाच भोकाजवळ ते तीन अक्षरांचं नाव छापलंय, भोक २. बाकी दोनांत लावून आवाजाची वाट बघत बसलं तर चतुर्थी उलटेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसीही (एचडीएमआयमधून यंत्रांनी एकमेकांना चालू-बंद करायची सोय) चालू करावं लागलं. त्याने रिमोट एकच पुरतो, पण टीव्ही-बॉक्स-साउंडबार एकमेकांना उठवत बसतात. काकीने रात्री साउंडबार बंद केला तर टीव्हीही झोपला. तक्रार आली आहे, बघू.

लॅपटॉप दहा मिनिटांत झाला. टाइप-सीचं प्रत्येक भोक चित्र देत नाही. पुतण्याच्या लॅपटॉपचं देतं, त्याच्या फोनचं देत नाही, भोकं दिसायला सारखीच. अडॅप्टर घेताना ‘फोर-के ६०’ लिहिलेलंच घ्यायचं, नाहीतर गेल्या रविवारचाच ३०चा खेळ अडॅप्टरमध्ये.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. आज द्रौपदीचा दिवस.

टेपा सात. प्लास्टिकच्या खिडकीतून टॉर्च मारून पाहिल्या. दोन टेपांच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी, बुरशी. त्या व्हीसीआरमध्ये घालायच्याच नाहीत. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या टेपेलाही तीच. बाजूला, वेगळ्या पिशवीत. नाटकाची टेप काकीने साड्यांच्या ट्रंकेत ठेवली होती म्हणून कोरडी ठणठणीत. व्हीसीआर आधी एका फालतू टेपेवर चालवून पाहिला, काहीतरी लग्न होतं, कुणाचं ते ठरलं नाही.

आता ते ३.५ मिलिमीटरचं भोक. टीव्हीसोबत अडॅप्टर येतो तो खोक्यात नव्हता, किंवा होता आणि बाहुलीच्या घरात गेला. डिचोलीतून एक आणला: एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला पिवळं, पांढरं, लाल अशी तीन तोंडं. व्हीसीआरची पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात. इनपुट एव्ही. टेप फिरतेय, आवाज येतोय, पडदा निळा. आणि साउंडबारच्या उजव्या बाजूने एक भसाडं गूंऽऽ.

तो गूं ऐकून सुचलं. त्या लहान पिनेकडे नीट पाहिलं तर तिला तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग: टोक, दोन कड्या, बूड. एकावर डावा आवाज, एकावर उजवा, एकावर चित्र, एकावर अर्थ, म्हणजे विजेचं अर्थिंग. कुठल्यावर कोण, याबद्दल सगळ्या कंपन्यांचं एकमत झालेलं नाही. आमच्या अडॅप्टरचं पिवळं तोंड टीव्हीच्या उजव्या आवाजाच्या जागी जात होतं. चित्राची वीज स्पीकरमध्ये शिरली की असाच गूं येतो. तर मग टीव्हीची चित्राची जागा रिकाम्या लाल तोंडाला मिळाली असणार.

व्हीसीआरची पिवळी पिन काढून लाल तोंडात घातली. गूं थांबला. भाईकाका केस मोकळे सोडून सभामंडपात उभे.

हा उपाय दर वेळी चालेल असं नाही. अर्थची जागाच दुसरीकडे असेल तर रंगांची कितीही अदलाबदल करा, काही होत नाही. तेव्हा दुसरा अडॅप्टर. पण शंभर रुपयांची वस्तू फेकण्याआधी पिवळी तिन्ही तोंडांत फिरवून पाहावी.

चित्राबद्दल कुणी बोलणारच आहे म्हणून आधीच लिहून ठेवतो. व्हीएचएसमध्ये आडव्या रेषेत तपशील जेमतेम २४० रेघांचा, आपल्याकडच्या ‘पाल’ नावाच्या टीव्ही पद्धतीत उभी ५७६ ओळी. तेवढं ५५ इंचांवर ताणलं की दाढी आणि पदर यांतली सीमा पुसट होते. कुठल्याही केबलने ती परत येणार नाही. एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर नावाची डबी मिळते, दादाने विचारलं. ती चित्र मोठं करून देते, नवं काही घालत नाही, आणि वर बहुतेक डब्या ४:३चं चित्र १६:९मध्ये ताणतात. टीव्हीला एव्ही भोक आहे तोवर नको. नसेल तर मात्र तोच मार्ग.

ताणण्याचं टीव्हीनेही केलं होतंच. द्रौपदी दुप्पट रुंद, भीम तर दारातून आत येईना. पिक्चर साइज ४:३ केल्यावर दोन्ही कडांना काळे पट्टे आले आणि पांडव माणसात आले. भाईकाका म्हणाले, पट्टे काढ, पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत. दहा मिनिटं समजावलं. आतेने मिटवलं: "तू तेव्हा बारीक होतास, तसाच दिसू दे."

डीव्हीडी प्लेयरसाठी मन थोडं खट्टू झालं. त्याच्या हिरव्या-निळ्या-लाल वाटेने चित्र पिवळ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ येतं, कारण उजळपणा आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. नव्या टीव्हीला ती वाटच ठेवलेली नाही. शेवटी त्यालाही तोच अडॅप्टर, आळीपाळीने. (फोंड्याच्या मावशीकडचा जुना टीव्ही आठवला. त्यात हिरवं आणि पिवळं एकच भोक होतं. इनपुट कॉम्पोनंटवर राहिला आणि पिवळी लावली की सगळं कृष्णधवल. मावशी वर्षभर समजत होती की डीव्हीडी जुन्या सिनेमांच्याच मिळतात.)

शनिवार, १६ ऑगस्ट

टेप एकदा चालली, दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. व्हीसीआरची पिवळी-पांढरी यूएसबीच्या कॅप्चर डबीत घालून दादाच्या संगणकावर पूर्ण टेप उतरवली. टेप जेवढी, वेळ तेवढाच: तीन तास दहा मिनिटं. दोन टेपा आहेत हे कुणालाच आठवत नव्हतं. पहिली वस्त्रहरणाच्या मध्यात संपते. दुसरी बुरशीवाल्या पिशवीत सापडली. ती साफ करून घ्यायला पाठवायची, चवथीआधी होणार नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सकाळी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान बघायला, दुपारी घरी. चार दिवस डिशला चित्र नाही. काकीचं निदान: नव्या एचडीएमआयने डिश बिघडवली.

मोठा पाऊस असला की डिश जाते, ते वेगळं. त्या लहरी पावसात विरतात आणि पाऊस उघडला की परत येतात. हे ऊन पडलं तरी येत नव्हतं. शिडी लावून छपरावर गेलो. काळी आरजी-६ केबल डिशच्या तोंडाशी जोडते तिथला पेच काढला तर आतून हिरवी भुकटी पडली. केबल वरून उतरून थेट बॉक्सकडे उतारावर आलेली, म्हणजे पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट घरात. दोन्ही टोकं बोटभर कापून नवे पेच दाबून बसवले, वरच्याला रबरी टोपी आणि टेप. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, पाणी तिथेच टपकावं म्हणून. एफ-पेचात मधली तार दोन-तीन मिलिमीटर बाहेर हवी आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये. पहिल्या खेपेला एक शिवत होता, चष्म्याशिवाय दिसला नाही.

काकीला सांगितलं: आभाळ भरून आलं की, वीज चमकायला लागण्याआधीच, बॉक्समागचा पेच सोडायचा, मग प्लग. प्लग काढला तरी छपरावरचा रस्ता उघडाच राहतो.

मंगळवार, २६ ऑगस्ट

तय, म्हणजे हरतालिका. घरात पिठाचा वास, पाय ठेवायला जागा नाही. सगळ्या केबलींना दोन्ही टोकांना कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्या: ‘डिश’, ‘बार’, ‘दादा’. रात्री अर्धा तास वीज गेली, आली. टीव्ही, बार, बॉक्स तिन्ही आपापले उठले. जुन्या कोपऱ्यात माटोळी बांधून झाली. यंदा उचलायला काही नव्हतं, तर दादा उगाच दोनदा तिथे जाऊन उभा राहिला.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल रात्री आरत्या झाल्यावर टेप. संगणकातलं नाटक आहे, चांगलं दिसतं, असं सांगून पाहिलं, पण भाईकाकांना टेप आत जातानाचा आवाज हवा होता. व्हीसीआर पुसून, फुंकून तयार ठेवला. तीस माणसं बसली. पडदा निळा. गूंऽऽ.

संध्याकाळी धाकट्या आतेच्या जावयाने टीव्हीमागे हात घातला होता. "पिवळी लालमध्ये होती, नीट करून ठेवली." भला माणूस. पुतण्याने नीट केलेलं परत बिघडवलं आणि द्रौपदी आली. वस्त्रहरणाच्या मध्यात टेप संपली तेव्हा घरात जो आरडाओरडा झाला तसा तेव्हा जत्रेतही झाला नसेल. दुसरी टेप दिवाळीपर्यंत, असं जाहीर केलं.

आज विसर्जनानंतर अडॅप्टरवर पट्टी चिकटवली, मोठ्या अक्षरांत: पिवळी लालमध्येच आहे. चूक नाही. काढू नये.